तेरा तारीख वृत्तात बसेना

जे पाठ नाही ते आपले नाही, या श्रद्धेवर मी चाळीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले. ग्रंथ कपाटात असला तर तो कपाटाचा. जिभेवर असला तरच आपला. या श्रद्धेला पहिला तडा एका करसल्लागाराने पाडला, आणि तो माझाच विद्यार्थी निघाला, ही गोष्ट आरंभीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे जो अनर्थ झाला त्याचे मूळ शोधण्यासाठी वाचकांना फार खोल खणावे लागणार नाही.

आमच्या सौभाग्यवती ॲप्रन शिवतात. रुग्णालये, प्रयोगशाळा, औषधांचे कारखाने अशा ठिकाणी जे पांढरे, गुडघ्यापर्यंतचे, दोन खिशांचे वस्त्र लागते, ते आमच्या दिवाणखान्यात जन्म घेते. तिथे तीन शिलाई यंत्रे आहेत. एकावर त्या स्वतः आणि उरलेल्या दोहोंवर दोन शिवणकाम करणाऱ्या बायका बसतात. माझी आरामखुर्ची खिडकीपाशी आहे. पण तीवर बसण्यापूर्वी कोणाच्या बाह्या किंवा कॉलर तिथे विश्रांती घेत नाहीत ना, हे पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे. व्यवसाय लहान असला तरी त्याला कर खात्याचा नोंदणी क्रमांक आहे, आणि दर तीन महिन्यांनी विक्रीचे विवरणपत्र खात्याकडे भरावे लागते. हे काम तो सल्लागार करीत असे. माझ्याकडे बिलांची पिशवी त्याच्या कार्यालयात पोहोचवण्याचे काम होते. थोडक्यात, टपालाचे.

एकदा पिशवी टेबलावर ठेवताना मी सहज विचारले, "अरे, हा जो ठरावीक उलाढालीपर्यंत नोंदणी नको असा नियम आहे, तो नेमका कोणत्या शब्दांत आहे?"

त्याने संगणकावरून मान वर केली. "सर, तुम्ही कशाला डोकं शिणवता? हे काही पाठ करून येणारं नाही."

वाक्य साधे होते. त्यात अपमान करण्याचा हेतू नव्हता, हे मला आज मान्य आहे. पण त्या दिवशी परतीच्या वाटेवर चौकातला दिवा दोनदा हिरवा झाला आणि दोनदा लाल झाला, तरी मी पदपथावर उभाच होतो. पाठ करून येणारं नाही! ज्याने माझ्या वर्गात बसून शब्दरूपांच्या तक्त्याकडे तीन वर्षे परक्या घरच्या पाहुण्यासारखे पाहिले, त्याने मला हे सांगावे?

मी त्याच पावली पुस्तकांच्या दुकानात शिरलो आणि करनियमांचे मूळ पुस्तक मागितले. दुकानदाराने ते दोन हातांनी आणून ठेवले.

"मार्गदर्शक वगैरे नको ना?" त्याने विचारले. "लोक सोपं करून सांगितलेलं नेतात."

"मूळ असताना टीका कशाला?" मी म्हणालो. दुकानदाराने माझ्याकडे आदराने पाहिले असावे, असे मला त्या वेळी वाटले.

आता त्या ग्रंथाविषयी दोन शब्द. लोक करनियमांना नावे ठेवतात. पण मी सांगतो, अशी घट्ट विणीची रचना हल्ली वाचायला मिळत नाही. एक वाक्य दीड पान चालते आणि कुठेही ढळत नाही. प्रथम नियम येतो. मग "परंतु" येतो. मग "परंतु आणखी असे की" येतो. त्यानंतर स्पष्टीकरण, ज्याने आधी जे थोडेफार कळले होते तेही विनयाने परत नेले जाते. कर्त्याने कुठेही आपले नाव घातलेले नाही. कीर्तीचा इतका निरपेक्ष त्याग आमच्या क्षेत्रातल्या विद्वानांत मी पाहिलेला नाही.

मी रोज पहाटे गॅलरीत येरझारा घालीत पाठांतर सुरू केले. पहिल्या आठवड्यात व्याख्या संपल्या. तिसऱ्या आठवड्यात नोंदणीचे प्रकरण जिभेवर आले. गद्य निसटते, हे मला ठाऊक होते. म्हणून महत्त्वाच्या कलमांचे मी अनुष्टुभ छंदात रूपांतर करू लागलो. नोंदणीच्या मर्यादेवरचा श्लोक असा उतरला:

विक्रयो वार्षिको यस्य मर्यादां नातिवर्तते ।
न तस्य करभीतिः स्यात् सुखं निद्रां स गच्छति ॥

ज्याची वर्षाची विक्री मर्यादेबाहेर जात नाही, त्याला कराचे भय नाही. तो सुखाने झोपतो. चौथा चरण मुळात नाही, हे मी मान्य करतो. पण भाष्यकाराला एवढी मोकळीक असावी.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. ते कठड्यावरून वाकून म्हणाले, "गुरुजी, एक सांगू? सरकारी कागद वाचायचा नसतो. तो जपून ठेवायचा असतो."

"आणि समजून घ्यायचा कोणी?"

"ज्यानं पाठवला त्यानं!" असे म्हणून ते आत गेले.

मी त्यांच्या उपदेशाकडे दुर्लक्ष केले, कारण तोवर माझी कीर्ती खाली रस्त्यापर्यंत गेली होती. तिची सुरुवात केस कापणाऱ्याच्या खुर्चीत झाली. मानेभोवती पांढरे फडके असताना मी विवरणपत्राच्या मुदतीचा श्लोक म्हणालो आणि त्याची कात्री थांबली.

"म्हणजे तीन महिने संपले की पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत भरायचं? एवढंच?"

"एवढंच."

"मग तो सल्लागार इतके दिवस मला काय समजावत होता?"

त्याने श्लोक लिहून घेतला व आरशाच्या कडेला चिकटवला. पंधरा दिवसांत तो पलीकडच्या चष्म्याच्या दुकानात, कुलपे दुरुस्त करणाऱ्याकडे आणि छपाईवाल्याकडे पोहोचला. सकाळी दुकानांची शटरे वर जाताना दोन-तीन कंठांतून माझी रचना ऐकू येई. उच्चारांबद्दल न बोललेले बरे; पण आशय अबाधित होता. चाळीस वर्षांत ज्या भाषेसाठी मला वर्गाचे दार लावून घ्यावे लागले, ती भाषा दुकानदार आपण होऊन म्हणत होते. मला भरून आले. घरी येऊन मी हे सौभाग्यवतींना सांगितले.

"छान," त्या म्हणाल्या. "पाय उचला. खाली खिसे कापलेत."

याच सुमारास दोन गोष्टी एकदम घडल्या. पहिली, त्यांना एका मोठ्या रुग्णालयाकडून सहाशे ॲप्रनची मागणी आली. आजवर चाळीस-पन्नासाच्या वर कधी काम आले नव्हते. कापड उधारीवर आणले गेले, दोघी बायकांनी कामाचे तास वाढवले. हे काम नीट पार पडले तर दरवर्षी मिळेल, चौथे यंत्र घेता येईल, असा सौभाग्यवतींचा हिशेब होता. त्या फारसे बोलून दाखवीत नाहीत. पण मी त्यांना रिकाम्या कोपऱ्यात पट्टीने जागा मापताना पाहिले.

दुसरी गोष्ट, मी बिलांची पिशवी सल्लागाराकडे नेणे बंद केले. "यापुढे विवरणपत्र मी भरीन," असे जाहीर केले.

सौभाग्यवतींनी दोरा तोडला. "नक्की?"

"अगं, सगळा नियम तोंडपाठ आहे मला."

"मी भरण्याबद्दल विचारतेय. तोंडपाठ आहे ते अख्ख्या इमारतीला माहीत आहे."

मी पिशवी उचलून माझ्या खुर्चीपाशी ठेवली.

आणि मग नियम बदलला. परिपत्रक दीड ओळीचे होते: अमुक पोटनियमातील "वीस" या शब्दाऐवजी "तेरा" हा शब्द दाखल करण्यात येत आहे. ज्या शास्त्राला मी अचल मानून कंठी धारण केले होते, त्याच्या कर्त्याने एका दुपारी त्यातला शब्द उचलून दुसरा ठेवला होता. आमच्याकडे एका मात्रेसाठी शतकानुशतके वाद चालतात. इथे सात दिवस नाहीसे झाले आणि खाली कोणा उपसचिवाची सही!

तरीही मी कर्तव्याला चुकलो नाही. श्लोक दुरुस्त करायला बसलो. मुळात "विंशे" असे दोन अक्षरी पद होते, ते चरणात चपखल बसले होते. त्या जागी "त्रयोदशे" घातले, तर दोन अक्षरे वाढली. पुढचे पद काढले, तर क्रियापद निराधार झाले. चरणांची अदलाबदल केली, तर विवरणपत्र भरण्याआधीच दंड लागू लागला. आठ दिवस मी त्या श्लोकाशी झुंजलो. अशुद्ध वृत्तातला पाठ लोकांच्या तोंडी देणे माझ्या स्वभावात नाही. म्हणून निर्दोष पाठ सिद्ध होईपर्यंत दुरुस्ती जाहीर करायची नाही, असे मी ठरवले.

चष्मेवाल्याला मात्र वर्तमानपत्रातून तेरा तारखेचा सुगावा लागला. तो रस्ता ओलांडून केस कापणाऱ्याकडे गेला.

"अरे, तेरा झालीये तारीख!"

"कोण म्हणतं?"

"पेपरात आलंय."

"पेपरात काय वाट्टेल ते येतं. गुरुजींच्या श्लोकात वीस आहे." त्याने आरशाकडे कंगवा रोखला. "हे बघ. छापील पेपर संध्याकाळी रद्दीत जातो. हे चिकटवलेलं आहे."

दोघेही माझ्याकडे आले. मी सत्य सांगितले, पण विद्वानाच्या सवयीने सांगितले. म्हणालो, "तेरा हा नवा पाठ आहे. तथापि, त्याची रचना अद्याप सिद्ध झालेली नाही."

"म्हणजे अजून वीसच ना?" केस कापणारा म्हणाला आणि विजयी मुद्रेने निघून गेला. त्या दिवसापासून रस्त्याच्या दोन बाजूंना दोन संप्रदाय झाले. चष्मेवाला केस कापायला दुसरीकडे जाऊ लागला; केस कापणाऱ्याने चष्म्याची तुटलेली काडी दोऱ्याने बांधली, पण समोरच्या दुकानाची पायरी चढला नाही. वीसवाल्यांची बाजू संख्येने मोठी होती, कारण तिच्यात आठवडाभर जास्त सवड होती.

पुढचे मी थोडक्यात सांगतो. श्लोक मला बारा तारखेला दुपारी जवळजवळ सापडला होता. शेवटच्या चरणात एक लघु अक्षर गुरू हवे होते. तेरा तारखेला मी त्या अक्षरामागे होतो. चौदाला ते मिळाले. आनंदाच्या भरात मी सौभाग्यवतींना नवा श्लोक ऐकवला, अर्थ सांगितला, आणि अर्थ सांगता सांगताच माझी नजर भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर गेली.

"तेरापर्यंत भरायचं होतं?" त्यांनी विचारले.

"होय."

"आज चौदा आहे."

"होय."

"आणि तुम्ही भरलं नाहीत."



मी लगेच विवरणपत्र भरायला बसलो, तर संगणकाने ते घेतले नाही. आधी विलंबाचा दंड भरा, असे म्हणाला. दंड कुठे भरायचा, हे त्याच्या ज्या पानावर होते, ते उघडायला आधी विवरणपत्र भरलेले लागत होते. आणि चार दिवसांनी, बुधवारी, संदेश आला: नोंदणी निलंबित. त्याच दुपारी रुग्णालयाच्या खरेदी विभागातून दूरध्वनी आला. सौभाग्यवतींनी तो घेतला. मला पलीकडचा आवाजही ऐकू येत होता.

"बाई, शुक्रवारी चार वाजता आमची गाडी येईल. नोंदणी चालू असल्याचा कागद असेल तर माल उचलू. नाहीतर आम्हाला दुसरीकडून घ्यावा लागेल. आमच्याही ऑडिटचा प्रश्न असतो."

त्यांनी दूरध्वनी ठेवला. दोन्ही यंत्रे थांबली होती. भिंतीला लावून छतापर्यंत पांढरे गठ्ठे रचलेले होते. धाकट्या शिवणाऱ्या बाईने हळूच विचारले, "ताई, पुढच्या काजांचं काम चालू ठेवू ना?"

"ठेव," त्या म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. रागाने पाहिले असते तर मला सोपे गेले असते.

गुरुवारी मी पोस्टमास्तरांना शरण गेलो. पराभूताला सल्ला देताना माणसाचा आवाज किती मायाळू होतो, हे मला त्या दिवशी कळले.

"समक्ष जा, गुरुजी," ते म्हणाले. "अर्ज नाकारता येतो. समोर उभा असलेला म्हातारा नाकारायला जड जातो. आणि कागद जास्त न्या. लागो न लागो, जाडी दिसली पाहिजे."

म्हणून शुक्रवारी सकाळी मी स्वच्छ कपडे घालून निघालो. गुरुवारचा उरलेला सगळा दिवस मी निलंबन रद्द करण्याचे प्रकरण गॅलरीत म्हणून म्हणून पक्के केले होते. सौभाग्यवती दारापर्यंत आल्या.

"जाताय तर छत्री घ्या. रांग बाहेर उन्हात असते म्हणे. आणि घाई करू नका. नीट सगळं सांगून या."

या प्रसंगीही त्यांचा माझ्यावर एवढा विश्वास होता, हे पाहून माझे डोळे पाणावले.

कर कार्यालयात पहिल्या खिडकीने मला तिसरीकडे पाठवले, तिसरीने पाचवीकडे. पाचव्या खिडकीतल्या गृहस्थांनी निलंबनाच्या आदेशाची छापील प्रत मागितली.

"ती कुठे मिळेल?"

"तुमच्या खात्यातून काढायची."

"खाते उघडत नाही."

"का?"

"निलंबित आहे म्हणून."

"मग आधी ते चालू करून घ्या," ते म्हणाले आणि त्यांनी चहाचा घोट घेतला. या उत्तरातली वर्तुळाकृती निर्दोष होती. इतर वेळी मी तिला दाद दिली असती.

शेवटी एक वाजायला दहा मिनिटे कमी असताना मी अधिकारी बाईंच्या काचेसमोर पोहोचलो. माझ्यामागे वीस-पंचवीस माणसे होती. बाईंनी न पाहताच हात पुढे केला. "नंबर?"

मी नोंदणी क्रमांक सांगितला, पिशवीतले सगळे कागद काचेखालून आत सरकवले, घसा साफ केला आणि सुरुवात केली. नियम, पहिला पोटनियम, दुसरा पोटनियम. आवाज चांगला लागला होता. मागची कुजबूज थांबली. बाईंनी पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आजोबा, एक मिनिट, तुमचं..."

मी हात वर केला. चाळीस वर्षांची सवय आहे. "मध्ये बोलू नये. नियम पूर्ण होऊ द्यावा."

त्या गप्प बसल्या. मी पहिला "परंतु" म्हणालो, दुसरा "परंतु आणखी असे की" म्हणालो, खाली येऊन स्पष्टीकरण म्हणालो, आणि ज्या उपखंडात सद्हेतूने झालेल्या विलंबाबद्दल अधिकाऱ्याला विवेकाधिकार दिला आहे, तो दोनदा म्हणालो. मागे कोणीतरी "वा!" म्हणाले. शेजारच्या खिडकीतला कारकून शिक्का हातात धरून ऐकत होता.

"झालं?" बाईंनी विचारले.

"झालं."

"तुमची नोंदणी चालू आहे."

"चालू झाली?"

"चालू आहे. पुढचे या."

मी कागद गोळा केले आणि बाहेर आलो. तो प्रवास मी पायी केला, असे आठवत नाही. नियम शुद्ध उच्चारला की राज्यसंस्थाही नमते! रस्त्यात केस कापणाऱ्याला सांगितले, चष्मेवाल्याला सांगितले. दोघे एकाच वेळी आपापल्या पायरीवर उभे राहून ऐकत होते, हा माझ्या विद्येचा दुसरा विजय मी समजलो. केस कापणाऱ्याचा चेहरा जरा उतरलेला वाटला, पण त्याचे कारण विचारण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

घरी तिघी मिळून गठ्ठ्यांना दोरी बांधत होत्या. मी सगळी हकीकत सांगितली. उपखंडापाशी पुन्हा एकदा मूळ शब्द म्हणून दाखवले. सौभाग्यवती तोंडात सुतळीचे टोक धरून ऐकत होत्या.

"मग त्या बाई काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? निरुत्तर झाल्या."

"वा," त्या म्हणाल्या आणि गाठ आवळली.

चार वाजता रुग्णालयाचा माणूस आला. त्याने नोंदणीचा कागद मागितला. मी पिशवी उघडणार, इतक्यात सौभाग्यवतींनी यंत्राच्या खणातून एक घडी केलेला कागद काढून त्याच्या हातात दिला. तो त्याने माझ्याच खुर्चीच्या हातावर पसरला, आणि चष्मा असल्यामुळे मला तो वाचता आला. नोंदणी पूर्ववत केल्याची वेळ: सकाळी दहा वाजून बारा मिनिटे.

दहा वाजून बारा मिनिटांनी मी पहिल्या खिडकीसमोर अकराव्या क्रमांकावर उभा होतो.

माणसाने सही घेतली. गठ्ठे एकेक करून खाली गेले आणि भिंत पुन्हा दिसू लागली. गाडी गेल्याचा आवाज आला. दोघी बायका पायरीवर बसून चहा पिऊ लागल्या. मी पाहिले आहे, हे सौभाग्यवतींना कळले होते. त्या सुया एकेक करून पिनकुशनमध्ये टोचीत होत्या.

"कधी गेली होतीस त्याच्याकडे?" मी विचारले.

"काल. तुम्ही गॅलरीत होतात."

"दंड किती झाला?"

"आठ ॲप्रनची शिलाई."

"आणि त्याची फी?"

"घेतली नाही. म्हणाला, सरांमुळे या आठवड्यात गल्लीतले सात जण आलेत. त्यातच तुमची वळती करतो."

मी खिडकीबाहेर पाहिले. समोर केस कापणारा आरशाच्या कडेचे काहीतरी नखाने खरवडून काढीत होता. मग, उरलीसुरली प्रतिष्ठा गोळा करून, मी विचारले, "अगं, मग सकाळी मला जाऊ का दिलंस? सांगायचंस ना, काम होतंय म्हणून. चार तास उन्हात उभा होतो मी."

"सहाशे नग मोजून गठ्ठे बांधायचे होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही घरात म्हणायला लागलात की मला सारखं पहिल्यापासून मोजावं लागतं."